पुनर्वसनाच्या नव्या जमिनीवर फळबाग: पहिल्या पाच वर्षांचा आराखडा

धरणात गाव जाते तेव्हा घर, विहीर, शेत, झाडे या सगळ्यांचे पंचनामे होतात आणि कुटुंब नव्या गावठाणात येते. कोयनेच्या खोऱ्यातील माणसे सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्याकडे गेली. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील पाडे तळोद्याच्या सपाटीवर सोमावल, रोझवा, रेवानगर येथे वसले. नवी जमीन बहुधा जंगल तोडून मोकळी केलेली असते, नाहीतर वर्षानुवर्षे पडीक. तिच्यावर सावलीला झाड नसते, म्हणून पहिल्याच पावसात मिळतील ती कलमे लावण्याची घाई होते. अशा बागा सहसा दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात जातात, कारण झाड आधी लागते आणि कुंपण व पाणी यांची सोय मागून बघायची असते. हा क्रम उलटा करायचा आहे. ज्यांना अलीकडे जमीन मिळाली आहे किंवा मिळणार आहे, त्यांच्यासाठी हा आराखडा आहे.

गाव सोडण्यापूर्वी

आपल्याकडचा आंबा कोयीपासून लावला तर आईसारखा निघत नाही. जुन्या गावातला एखादा रायवळ आंबा रसाला, लोणच्याला किंवा आमचुराला नावाजलेला असेल, तर कोय नेऊन तो वाण टिकत नाही, त्याची काडीच न्यावी लागते. त्यासाठी स्थलांतराच्या एक वर्ष आधी तयारी करावी.

जूनमध्ये पाडाच्या रायवळ आंब्यांच्या ताज्या कोयी गोळा करून पाण्यात टाकाव्यात. तरंगणाऱ्या फेकून द्याव्यात, बुडणाऱ्या आठ-दहा दिवसांच्या आत गादीवाफ्यावर पेराव्यात. कोय जुनी झाली की उगवण झपाट्याने घटते. रोप १५ ते २० दिवसांचे, पाने अजून तांबूस आणि देठ कोवळा असताना कोय कलम करावे. रोप कोयीसकट अलगद उपटून ७ ते ८ सेंटिमीटरवर छाटावे, मधोमध ४ ते ५ सेंटिमीटरची उभी चीर द्यावी. निवडलेल्या झाडाची तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड, शेंड्याचा डोळा फुगलेली काडी घेऊन तिचे टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे तासावे आणि चिरेत बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. काडीची पाने कलमाच्या आठ-दहा दिवस आधीच झाडावर कापायची, देठ मात्र ठेवायचे. डोळे त्यामुळे फुगतात आणि कलम लवकर फुटते. बांधलेले कलम कोयीसकट पिशवीत लावून सावलीत ठेवावे. नवख्या हाताने निम्मी कलमे जगतील असे धरून ४० हवी असतील तर ८० ते १०० बांधावीत.

काड्या लांब न्यायच्या असतील तर ओल्या गोणपाटात गुंडाळून वर केळीचे सोपट बांधावे. तीन दिवसांत त्या वापरल्या गेल्या पाहिजेत. डोंगरावर नातेवाईक राहिले असतील, तर हे काम पुढच्या पावसाळ्यातही जमते.

जांभूळ, चारोळी, करवंद, सागरगोटा यांचे बी बरोबर घ्यावे. जांभळाचे बी वाळले की उगवत नाही, म्हणून ते आधीच पिशवीत लावून रोपे न्यावीत. फणस कोरड्या भागात मोठ्या प्रमाणावर लावू नये. घरामागे न्हाणीच्या पाण्यावर एखादा जगतो, तेवढाच ठेवावा.

कागद आणि हद्द

झाड ३० ते ५० वर्षे उभे राहणार आहे, त्यामुळे खड्ड्याआधी सातबारा पाहावा. ताबापावती मिळाली, पण फेरफार झालेला नाही आणि सातबाऱ्यावर जुनेच नाव आहे, हे अनेक वसाहतींत दिसते. पुनर्वसनाच्या जमिनीवर बऱ्याचदा भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असते. अशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, पण तिच्यावर फळबाग लावण्यास त्याने अडचण येत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत. मोजणीआधी बांधाला लावलेल्या झाडांवरून शेजाऱ्याशी लागलेला वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

योजनेचा अर्जही लागवडीच्या आधीच करायचा असतो, लावलेल्या बागेला मागून अनुदान मिळत नाही. रोजगार हमीतून फळबाग ही कल्पना महाराष्ट्रात १९९० पासून रुजली आहे. आज जॉबकार्ड असलेल्या लहान शेतकऱ्याला मनरेगातून खड्डे, लागवड, संरक्षण यांची मजुरी मिळते आणि बांधावरची झाडेही त्यात बसतात. जो मनरेगात बसत नाही, त्याच्यासाठी २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर योजना आहे. तिचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येते आणि पुढचे हप्ते झाडे जगण्यावर अवलंबून असतात. आधी कुंपण आणि पाणी हवे, याचे हे आणखी एक रोकडे कारण.

पहिला पावसाळा: फक्त जमीन ओळखा

पहिल्या वर्षी मूग, उडीद, ज्वारी, तूर घ्या, झाड लावू नका. मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी शेतभर फिरा आणि पाणी कुठे साचून राहिले तिथे खुंट्या ठोका. त्या जागा झाडासाठी बाद समजाव्यात.

पाऊस उघडल्यावर वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात एकेक चाचणी-खड्डा घ्या, तीन फूट लांब-रुंद आणि तीन फूट खोल. खड्ड्यात उतरून भिंत बघा. वर दीड-दोन फूट माती आणि खाली कुदळीने फुटणारा मऊ मुरूम असेल तर सीताफळ, बोर, आवळा, डाळिंब चालते. फूटभरावर कडक खडक लागला तर आंब्याचा नाद सोडा. तीन फुटांपर्यंत काळी चिकण माती असेल तर ती मूठभर घेऊन दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटून राहणारी, भिंतीवर हिरवट-करडे डाग दाखवणारी माती पाणी धरून ठेवते आणि तिच्यात मुळे कुजतात. पांढरे चुनखडीचे खडे दिसले तर त्यावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाका. जोराने फसफसले तर चुना जास्त आहे.

प्रत्येक खड्ड्यातून एक फूट, दोन फूट आणि तीन फूट अशा तीन थरांचे वेगळे नमुने माती परीक्षणाला द्या. फक्त वरच्या थराचा नमुना ज्वारीला पुरतो, झाडाला नाही. सामू ६.५ ते ७.५ उत्तम, ८.५ च्या पुढे आंबा-लिंबूवर्गीय नको. क्षारता १ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत हवी. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर नवी पालवी शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडते, कारण लोह जमिनीत असूनही मुळांना उचलता येत नाही. असे शेत बोर, आवळा, चिंच यांना द्यावे.

जंगल तोडलेल्या जमिनीत आणखी एक दुखणे असते: जमिनीखाली राहिलेले बुंधे. त्यांच्यावर वाळवी आणि मूळकुजीची बुरशी पोसते आणि ते संपले की दोन्ही नव्या कलमाकडे वळतात. खड्ड्याच्या जागेभोवती निदान सहा फुटांतली जाड मुळे पहिल्या उन्हाळ्यातच खणून काढावीत.

रानबोर तोडू नका

नव्या जमिनीवर लोक पहिल्यांदा काट्याची झुडपे साफ करतात आणि त्यात रानबोरही जाते. वास्तविक त्या झुडपाचे मूळ खोल गेलेले असते. ते दुष्काळात सहसा मरत नाही आणि आयता खुंट म्हणून हाती असते. बांधावरची, हद्दीवरची बोरे राखून बाकीची काढावीत.

मार्च-एप्रिलमध्ये राखलेले झुडूप जमिनीपासून दीड-दोन फुटांवर करवतीने छाटावे. दोन-तीन आठवड्यांत भरपूर फुटवे येतात. त्यातले सरळ, जोमदार दोनच ठेवून बाकीचे खरवडून काढावेत. जून-जुलैत फुटवा पेन्सिलीएवढा झाला की उमराण, कडाका किंवा मेहरूण जातीच्या झाडाचा डोळा भरावा. फुटव्याच्या गुळगुळीत भागावर सालीचा एक इंचाचा चौकोनी तुकडा काढून तेवढाच, मधोमध डोळा असलेला तुकडा तिथे बसवावा आणि डोळा उघडा ठेवून पट्टीने बांधावे. खुंटाची साल सहज सुटत असेल तेव्हाच हे साधते. ओढून काढावी लागली तर चार-आठ दिवस थांबा. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला तर त्याच्या वरचा फुटवा कापावा. त्यानंतर दोन वर्षे खालून येणारी रानबोराची फूट दर पंधरवड्याला काढावी लागते. ती राहिली तर रानबोर कलमाला दाबून टाकते आणि पुन्हा गोटीएवढी आंबट बोरे लागतात. डोळे भरलेल्या बोराला दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात विकण्याजोगे फळ येते. नव्या वसाहतीत कमी पाण्यावर एवढ्या लवकर पैसा देणारे दुसरे फळझाड क्वचितच, म्हणून या कामाला आमच्या मते सगळ्यात वरचे स्थान आहे.

कुंपण

गावठाण नवे, गायरान ठरलेले नाही, त्यामुळे गुरे मोकाट असतात. शेळी एका दुपारी वर्षभराची वाढ खाऊन जाते. तारेचे कुंपण परवडत नसेल तर हद्दीच्या आत तोंडाशी दीड मीटर रुंद आणि एक मीटर खोल चर घ्यावा, माती आतल्या बाजूला टाकावी आणि त्या मातीच्या वरंब्यावर सागरगोटा, करवंद, घायपात दाट लावावे. सागरगोट्याचे कवच टणक असते. ते एका टोकाला घासून रात्रभर पाण्यात भिजवले की उगवते. हे कुंपण गुरे अडवण्याजोगे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून ते पहिल्याच पावसात लावायचे. तोवर प्रत्येक झाडाला बाभळीच्या काट्यांचा घेर हवा.

पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला वाऱ्यासाठी शेवरी, बांबू यांची दुहेरी ओळ धरावी. तिच्यातच मधूनमधून शेवगा लावला तर सहा-आठ महिन्यांत शेंग येते आणि घरात भाजी होते. निलगिरी नको, बाजूच्या दोन ओळींचे पाणी ती ओढते. शेत जंगलाला लागून असेल तर जानेवारीअखेर चारही बाजूंनी तीन-चार मीटरचा पट्टा गवत काढून मोकळा ठेवावा, नाहीतर मार्च-एप्रिलचा वणवा बागेत शिरतो.

पाण्याचा हिशेब, मगच झाडांची संख्या

नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात खातेदाराला किमान २ हेक्टर जमीन ठरली. इतर प्रकल्पांत ती एक-दोन एकरही असते. कितीही असली तरी सुरुवात एक एकरापासून करावी.

आंबा १० बाय १० मीटरवर धरला तर एकरी ४० झाडे बसतात. मधल्या मोकळ्या जागांत ५ मीटरवर सीताफळ घातले तर १२० सीताफळे आणखी, एकूण १६०. लहान झाडाला पावसाळा संपल्यापासून पुढच्या जूनपर्यंत सरासरी सहा दिवसांनी १५ लिटर पाणी लागते. म्हणजे एका पाळीला २,४०० लिटर, हंगामात सुमारे ३७ पाळ्या, एकूण जवळपास ८९ हजार लिटर.

तोंडाशी १५ बाय १५ मीटर आणि ३ मीटर खोल शेततळ्यात, बाजू आत उतरत्या असल्याने, ४४१ घनमीटर, म्हणजे ४ लाख ४१ हजार लिटर पाणी मावते. मुरमात ते अस्तराशिवाय टिकत नाही, आणि अस्तर असले तरी बाष्पीभवनात उन्हाळ्यापर्यंत बरेच उडते. निम्मे गेले तरी १६० झाडांना पुरून उरते. शेततळे नाही, बोअर नाही, पाणी हापशावरून आणायचे असेल तर १५ लिटरचे १६० हंडे एका पाळीला होतात. ते कोणत्याही कुटुंबाला आठ महिने झेपणार नाही. अशा घराने ४० झाडेच लावावीत आणि मडका सिंचन करावे. आठ-दहा लिटरच्या कच्च्या मडक्याला तळाशी भोक पाडून सुती कापडाची वात घालावी, झाडापासून फूटभर अंतरावर ते गळ्यापर्यंत पुरावे आणि झाकण ठेवावे. वाफ्यात वरून ओतलेले पाणी दुपारपर्यंत उडते, तर मडक्यातले मुळाशी झिरपते, म्हणून पाणी जवळपास निम्म्यावर येते. वात दरवर्षी बदलावी, क्षाराने ती बंद पडते.

बुंध्याभोवती तीन फुटांच्या घेरात वाळलेल्या गवताचे किंवा तुरीच्या भुसाचे चार इंच जाड आच्छादन हवेच. बुंध्याला मात्र ते टेकू देऊ नये, वाळवी तिथूनच चढते.

खड्डे आणि लागवड

काटकोन साधण्यासाठी दोरीवर ३, ४ आणि ५ मीटरच्या खुणा करून त्रिकोण ताणावा. उतारावर ओळी उताराला आडव्या घ्याव्यात आणि प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा फूटभर उंच बांध घालावा.

आंब्याला एक मीटर लांब-रुंद-खोल आणि सीताफळ, डाळिंब, बोराला ६० सेंटिमीटरचा खड्डा एप्रिल-मेमध्ये घ्यावा. वरच्या फुटाची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकावी. महिनाभर ऊन खाऊ द्यावे. भरताना वरची चांगली माती, २० ते २५ किलो पूर्ण कुजलेले शेणखत, एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो निंबोळी पेंड एकत्र करून घालावी. अर्धे कच्चे शेणखत वाळवीला आमंत्रण देते. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच असला पाहिजे, कारण दोन पावसांत तो खाली बसतो. हे न केल्यास झाड खळग्यात जाते, पाणी साचते आणि बुंधा सडतो. तळोद्यासारख्या भारी काळ्या जमिनीत खड्ड्यापेक्षा दोन मीटर रुंद आणि दीड-दोन फूट उंच गादीवाफा करून त्यावर लावणे जास्त सुरक्षित. भारी जमिनीत खोदलेला खड्डा पावसाळाभर पाणी धरून बसतो.

कलम निवडताना उंचीवर जाऊ नये. अडीच-तीन फूट उंच, एक वर्षाचे, सरळ आणि जोड पूर्ण भरलेले कलम घ्यावे. दहा कलमांमागे एकाची पिशवी फाडून बघा. सोटमूळ तळाशी गोल वळलेले असेल तर तो लॉट नको, कारण असे झाड पाच-सहा वर्षांनी वाऱ्यात कलंडते. आणलेली कलमे झाडाच्या सावलीत आठ-दहा दिवस ठेवून मगच लावावीत.

दोन-तीन चांगले पाऊस होऊन फूटभर ओल गेली की, साधारण जुलैत, ढगाळ दिवशी किंवा दुपारनंतर लावावे. पिशवी कापून मातीचा गोळा न फोडता ठेवावे. कलमाचा जोड जमिनीच्या वर निदान अर्धा फूट राहिला पाहिजे. जोडाची प्लास्टिक पट्टी सोडायला विसरू नये, राहिली तर वर्षभरात ती साल कापते आणि झाड तिथेच मोडते. काठीचा आधार द्यावा, माती पायाने नाही तर हाताने दाबावी.

पाणी अगदीच बेताचे असेल तर तयार कलमाऐवजी जागेवर कलम करावे. भरलेल्या खड्ड्यात तीन ताज्या कोयी वीतभर अंतरावर पेराव्यात, वर्षाने त्यातले जोमदार रोप ठेवून त्याच्या कोवळ्या फुटीवर पावसाळ्यात मृदुकाष्ठ कलम बांधावे. फळ वर्ष-दीड वर्ष उशिरा येते, पण सोटमूळ कधीच न दुखावल्यामुळे ते सरळ खोल जाते आणि असे झाड दुष्काळात तगते. कोरडवाहू पट्ट्यात आम्ही हाच मार्ग सुचवू.

जातींबाबत थोडक्यात: आंब्यात मराठवाडा, सोलापूरकडे केशर आणि त्याबरोबर आणलेला आपला रायवळ. सीताफळात बाळानगर किंवा फुले पुरंदर. चिंचेत प्रतिष्ठान, आवळ्यात कृष्णा आणि कांचन दोन्ही मिसळून. डाळिंबाचा भगवा पैसा देतो, पण तेल्या रोग, फवारण्या आणि रोजची देखरेख पाहता वसाहतीच्या पहिल्या पाच वर्षांत तो घेऊ नये.

दुसरे ते पाचवे वर्ष

लागवडीनंतर पहिल्या वर्षी आंब्याला १० किलो शेणखत, १५० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद आणि १०० ग्रॅम पालाश द्यावे, म्हणजे साधारण ३२५ ग्रॅम युरिया, ३१० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि १६५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. दरवर्षी तेवढीच वाढ दहाव्या वर्षापर्यंत करत जावी. खत बुंध्याशी नव्हे, फांद्यांच्या घेराखाली चर काढून दोन हप्त्यांत द्यावे, एक पावसाळा लागताना आणि एक संपताना.

जोडाखालची फूट दर पंधरा दिवसांनी हाताने मोडावी. पहिल्या दोन वर्षांत कलम मेले आणि खुंट वाढला, हे पुष्कळदा मोहोर येईपर्यंत कळत नाही. खात्रीसाठी जोडावर चुन्याची खूण करावी. अडीच-तीन फुटांवर शेंडा खुडून चार दिशांना चार फांद्या धराव्यात. आंब्याचा मोहोर पहिली तीन वर्षे खुडावा. कुटुंबाला पहिले फळ बघायचे असते हे खरे, पण त्या वयात धरलेले झाड खुजे राहते. सीताफळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळावर येते, तोवर घर बोर, शेवगा आणि आंतरपिकावर चालवायचे.

आंतरपीक मूग, उडीद, भुईमूग, सोयाबीन असे ठेंगणे घ्यावे आणि झाडापासून तीन फूट सोडावे. कापूस, ऊस ओळीत नको. दरवर्षी पावसाळ्याआधी बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी: एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून एकत्र करून एकूण १० लिटर. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे वापरावे. मिश्रणात विळ्याचे पाते मिनिटभर बुडवून बघावे. त्यावर तांब्याचा तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालावा.

मेलेल्या झाडांच्या जागा दुसऱ्याच जुलैत भराव्यात, म्हणून सुरुवातीलाच शेकडा दहा कलमे जादा घेऊन पिशवीत वाढवत ठेवावीत. चौथ्या वर्षी भरलेले झाड शेजाऱ्यांच्या सावलीत दबते. सीताफळाच्या १२० झाडांपैकी आंब्याच्या फांद्या ज्यांना टेकतील, ती साधारण दहा-बारा वर्षांनी काढावी लागतील. ती कोणती हे लागवडीच्या नकाशावर आजच खूण करून ठेवावे आणि तो नकाशा सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लावावा.